कुंडीतला गांजा आणि ज्येष्ठ मंडळी

अमेरिकेतली आपली काही ज्येष्ठ मंडळी मला विचारतात, "गुडघे दुखतात, घरात कुंडीत गांजा लावू का?"

आधी राज्याचा कायदा पाहा. न्यूयॉर्कमध्ये 2024 पासून 21 वर्षांवरील व्यक्तीला सहा झाडे लावता येतात. शेजारच्या न्यू जर्सीत एकही नाही. केंद्रीय कायद्याची तर कुठेच परवानगी नाही. त्यामुळे ग्रीनकार्डवाल्यांचा नागरिकत्वाचा अर्ज अडू शकतो.

झाड वाढवणे नवशिक्यालाही जमते. दिव्याखाली आधी रोज 18 तास उजेड द्यायचा, पुढे रोज 12 तास पूर्ण अंधार; मग मादी झाडाला फुले येतात. कठीण आहे ते मात्रा ठरवणे. इस्रायलमध्ये 1964 साली राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी वेगळे केलेले टीएचसी हे नशेचे द्रव्य कोणत्या फुलात किती, हे घरी कळत नाही. खाल्ल्यावर परिणाम दिसायला दोन तासही लागतात. तोवर माणूस आणखी खातो आणि चक्कर येऊन पडतो. वॉर्फरिन घेणाऱ्यांना रक्तस्रावाचाही धोका वाढतो. फुले नीट वाळली नाहीत तर बुरशी धरते. ती फुप्फुसांना घातक.

म्हणून घेत असाल, तर डॉक्टरांना जरूर सांगा. त्यात लाज कसली?