एक बोगदा कीं दोन?

नाशिकरोडाहून मुंबईस निघालेली गाडी इगतपुरी सोडून थळ घाटांत शिरली, कीं मुलें बोगदे मोजूं लागतात. सदतिसांत एक अशा उताराचा हा घाट १८६५ सालीं खुला झाला. मागें तेथेंच आमच्या नातवानें पुसिलें, "आजोबा, जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांस मिळून एक मोठा बोगदा खणणें स्वस्त, कीं दोन लहान?" आम्हांस तत्काळ उत्तर सुचलें नाहीं. घरीं येऊन पाटी घेतली.

व्यास व परिघ यांच्या गुणाकाराची चौथाई म्हणजे वर्तुळाचें क्षेत्रफळ, हें भास्कराचार्यांनीं लीलावतींत सांगितलेंच आहे. हिशेबापुरते बोगदे गोल धरूं. एकेरीचा व्यास ६ मीटर, दुहेरीचा ९. दोन एकेरींचें क्षेत्रफळ मिळून सुमारें ५७ चौरस मीटर, तर एका दुहेरीचें ६४. म्हणजे खोदाई दुहेरीसच किंचित् अधिक! परंतु आंतून अस्तर द्यावयाचें तें परिघाच्या मानानें. दोन एकेरींचा परिघ ३८ मीटर, दुहेरीचा अवघा २८. शिवाय यंत्रें व माणसें एकाच जागीं राबतात. यास्तव डोंगर आखूड व कातळ भक्कम असल्यास दुहेरी परवडतो. ठाणें-कल्याण दरम्यानचा १९१६ सालचा, सुमारें १.३ किलोमीटरांचा पारसिक बोगदा याच जातीचा.

कातळ ठिसूळ असला म्हणजे मात्र रुंद छत सांवरणें कठीण. तशांत पैसा अपुरा असेल, तर आज एक व पुढें दुसरा, अशी सोय एकेरींतच होते. आल्प्स पर्वतांतील सुमारें २० किलोमीटरांचा सिंप्लॉन बोगदा १९०६ सालीं एकेरी उघडला. शेजारचा दुसरा पंधरा वर्षांनीं पुरा झाला. १९९८ सालीं पूर्ण झालेल्या कोंकण रेल्वेवरील साडेसहा किलोमीटरांचा करबुडें बोगदाही एकेरीच. तेथें दुसरा रूळ टाकावयाचा, तर डोंगर पुन्हा फोडणें आलें.

पण खर्चाच्या या खातेवहींत जिवाचें मोल कोठें मांडावयाचें? इंग्लंड-फ्रान्स दरम्यान समुद्राखालीं १९९४ सालीं खुले झालेले दोन एकेरी बोगदे असून त्यांच्यामध्यें तिसरा सेवेचा आहे. १९९६ सालीं तेथें मालमोटारी वाहणाऱ्या गाडीस आग लागली. गाडींतील ३४ माणसें मधल्या बोगद्यांत शिरलीं, आणि सर्व वांचलीं.

नातवास आम्हीं सांगितलें, "आखूड व भक्कम डोंगरास एक, लांब व ठिसूळास दोन, मग खर्च वाढला तरी चालेल." वाडा बांधतांना आपले वडील परसदार ठेवीत. त्याचा खर्च वायां गेला, असें कोणत्या घरानें कधीं म्हटलें आहे?