जिंकल्यानंतरची गोष्ट

'अवतार: द लास्ट एअरबेंडर' ही कार्टून मालिका २००५ ते २००८ या काळात अमेरिकेत निकलोडियन वाहिनीवर आली. तीन पर्वं, ६१ भाग. पाणी, पृथ्वी, अग्नी आणि वायू यांना हातवाऱ्यांनी नाचवणाऱ्या माणसांचं हे जग. अग्निराष्ट्राने शंभर वर्षं सगळ्यांवर युद्ध लादलेलं आणि ते थांबवायची जबाबदारी आंग नावाच्या बारा वर्षांच्या पोरावर. शेवटी क्रूर राजा ओझाई हरतो, त्याचाच मुलगा झुको गादीवर बसतो, मित्रमंडळी चहाच्या दुकानात जमतात आणि मालिका संपते.

मी चित्रकलेचा मास्तर. मुलगी ही मालिका बघायची, तेव्हा रेषा पाहायला म्हणून शेजारी बसलो आणि गोष्टीतच अडकलो. पण शेवट मला पुरला नाही. शंभर वर्षांत जिंकलेल्या मुलखात वसलेली माणसं आता जाणार कुठे? कोयनानगरात राहणाऱ्याला हा प्रश्न पडणारच. इथे धरण झालं, वीज महाराष्ट्रभर गेली, सरकारदरबारी गोष्ट गोड झाली. आमच्या आजोबांचं गाव मात्र शिवसागर या धरणाच्या जलाशयाच्या बुडीत क्षेत्रात गेलं आणि घरची गोष्ट तिथून सुरू झाली. प्रकल्पग्रस्ताचा दाखला, संकलन रजिस्टर या प्रकल्पग्रस्तांच्या नोंदवहीतलं नाव, परक्या जिल्ह्यात दाखवलेली जमीन. पुनर्वसनाचा कायदा राज्यात आला तो १९७६ साली. तोवर गावं पाण्याखाली जाऊन बरीच वर्षं लोटली होती.

मालिकेची पुढची गोष्ट डार्क हॉर्स या अमेरिकी प्रकाशनाने २०१२ पासून कॉमिक्समध्ये आणली. लेखक जीन लुएन यांग. हे ओकलंडमधल्या एका शाळेत संगणकाचे शिक्षक होते, आणि त्यांच्या 'अमेरिकन बॉर्न चायनीज'ला २००७ साली किशोरसाहित्याचा प्रतिष्ठेचा प्रिंट्झ पुरस्कार मिळालेला. चित्रं 'गुरिहिरु' या नावाने काम करणाऱ्या दोन जपानी चित्रकर्तींची. मालिकेचे निर्माते मायकल डांटे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झको कथानकात सोबत होते, म्हणून चाहते हीच खरी पुढची कथा मानतात.

पहिलंच पुस्तक, 'द प्रॉमिस', माझ्या प्रश्नाला हात घालतं. युद्धानंतर ठरतं की पृथ्वीराज्यातल्या अग्निराष्ट्राच्या वसाहती उठवायच्या. आंगलाही हे न्यायाचं वाटतं. पण यू दाओ ही वसाहत शंभर वर्षांहून जुनी आहे. तिथे दोन्हीकडच्या माणसांची लग्नं झालीत, धातुकामात दोघांचे हात मिसळलेत. तिथली कोरी ही मुलगी अग्निराष्ट्राच्या बापाची आणि पृथ्वीराज्याच्या आईची. तिने आता कुठल्या देशात जायचं? झुको तिथे जातो, घरं बघतो आणि दिलेला शब्द मागे घेतो. त्यावरून पुन्हा सैन्यं समोरासमोर येतात.

तुलना ताणू नये. यू दाओचे लोक आक्रमकांचे वारस होते, आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. पण नकाशावर रेघ ओढणाऱ्याने रेघेखालच्या माणसाला विचारायचं असतं, एवढं दोन्हीकडे सारखंच आहे.

पुढची पुस्तकंही अशीच जिंकल्यानंतरच्या भानगडींची. 'द सर्च' झुकोच्या हरवलेल्या आईचा शोध घेतं. मालिकेने तो प्रश्न उघडाच ठेवला होता. 'द रिफ्ट'मध्ये वायुपंथीयांच्या पवित्र जागी कारखाना उभा राहिलेला आंगला दिसतो. आंग परंपरेच्या बाजूने, त्याची मैत्रीण टॉफ नव्या काळाच्या बाजूने, आणि लेखक दोघांनाही पूर्ण बरोबर ठरवत नाही. 'नॉर्थ अँड साउथ'मध्ये दक्षिणेच्या बर्फाळ प्रदेशात तेल सापडतं आणि विकास कुणाच्या हातात, यावरून भांडण पेटतं.

चित्रांबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. मालिकेत प्रत्येक तत्त्वामागे वेगळी चिनी युद्धकला आहे: पाण्याला ताई ची, पृथ्वीला हुंग गार. पडद्यावर ती हालचाल आपोआप कळते. कागदावर हालचाल नाही, एकच पवित्रा निवडायचा. गुरिहिरु तो इतका नेमका निवडतात की पात्राच्या पायांची ठेवण बघून पाणी उसळणार की दगड, हे सांगता येतं. रेषा स्वच्छ, रंग सपाट, चौकटीत गर्दी नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हीच पानं उतरवायला देतो.

वाचायचं असेल तर आधी मालिका पाहावी, मग 'द प्रॉमिस', 'द सर्च', 'द रिफ्ट', 'स्मोक अँड शॅडो' आणि 'नॉर्थ अँड साउथ' याच क्रमाने जावं. प्रत्येक कथा तीन भागांत आहे. तिन्ही भाग एकत्र बांधलेली मोठी आवृत्तीही निघाली आहे. 'द प्रॉमिस'च्या त्या आवृत्तीत लेखक-चित्रकारांच्या टिपा आहेत. इंग्रजी सोपं आहे, आठवी-नववीच्या मुलाला झेपतं. धरणग्रस्तांच्या वसाहतींमधल्या शाळांनी तरी 'द प्रॉमिस' ग्रंथालयात ठेवावं. मुलांशी विस्थापनावर बोलायला याहून सोपं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही.