औषधाच्या दोन किल्ल्या

कोडावर बावचीचा लेप लावून उन्हांत बसण्याची रीत आमच्या परभणीकडील वाचकांस ठाऊक असेल. प्रकाशावांचून तें औषध निद्रिस्तच. कर्करोगावरील प्रकाशोपचाराचें मर्म हेंच. परंतु कांहीं औषधें निरोगी त्वचेंतही साठतात व रोग्यास कित्येक आठवडे ऊन वर्ज्य होतें. यास्तव शास्त्रज्ञ दुसरी किल्ली घडवीत आहेत. रक्ताचा सामू सुमारें ७.४, गांठीभोवतीं तो पुष्कळदां ६.५ ते ६.९ पर्यंत उतरतो, म्हणजे आम्लता वाढते. त्या आम्लतेंतच उघडणारे अतिसूक्ष्म कण औषध तेथेंच सोडतात. मग प्रकाश पडतांच प्राणवायु उग्र होऊन रोगपेशी मारतो. हें कार्य अद्याप बहुतांशीं प्रयोगशाळेंतच आहे. तोंवर वडील मंडळींच्या तोंडांतील जखम तीन आठवड्यांत न भरल्यास त्यांस विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावें, ही आमची विनंती.