चौकात बारी, कवठ्यात शब्द

पुणे-सोलापूर, शिरूर आणि सुपे या वाटा दौंड तालुक्यात जिथे एकमेकींना छेदतात, ते चौफुला. नाव रस्त्यांवरून पडले, ओळख मात्र कलाकेंद्रांची. इथे चालते ती संगीतबारी: पेटी, तबला, ढोलकी, बैठकीची अदा आणि प्रेक्षकांची फर्माईश. यात वग नसतो. पार्टी बहुधा बाईच्या नावाने ओळखली जाते.

तमाशाचा दुसरा प्रकार ढोलकीफड; त्याचा थाट वेगळा. गण, गवळण, बतावणी, वग असा रात्रभराचा कार्यक्रम, ट्रकवर लादलेला तंबू आणि गावोगावच्या यात्रा. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावकरी तिथेच येऊन सुपारी ठरवतात.

शिरूर तालुक्याचा वाटा लेखणीचा. कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर यांनी तमाशासाठी लावण्या, गवळणी आणि वगनाट्ये लिहिली. फडावर गाजते गाणारीण, गीतकार पडद्यामागेच राहतो. कवठेकरांना मात्र राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार मिळाला. 2021 मध्ये ते गेले.

अमेरिकेत ‘कंट्री’ गाण्यांचे अनेक दिवसांचे जलसे भरतात. आपल्याकडचा त्याला जवळचा सोहळा भरला तो सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजमध्ये. सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ 1990च्या दशकात तिथे राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली. तिकीट काढून घरच्या बायका लावणी बघायला बसल्या, ही त्या स्पर्धेची खरी कमाई. संगीतबारीच्या पार्ट्या तिथे परीक्षकांसमोर उतरत, आणि स्पर्धा आटोपली की पुन्हा आपापल्या थिएटरात.