ताप नाही, म्हणजे आजार नाही?

‘डॉक्टर, आईला ताप मुळीच नाही, पण कालपासून जेवत नाही, नुसती पडून असते.’ करोनाच्या साथीत असे सांगणारे नातेवाईक मला अनेकदा भेटले. ताप नसल्याचा त्यांना दिलासा वाटे. मला मात्र त्याचीच काळजी वाटे. त्याचे कारण विषाणूच्या कार्यपद्धतीत आणि वार्धक्यात दडलेले आहे.

या विषाणूच्या पृष्ठभागावर काट्यांसारखी प्रथिने असतात. आपल्या श्वसनमार्गातील काही पेशींवर ‘एसीई-२’ नावाचे प्रथिन असते. कुलपात किल्ली बसावी तसा काटा त्यात बसतो. मग आपल्याच पेशीवरील एक विकर त्या काट्याला छेद देते, विषाणूचे आवरण पेशीच्या आवरणात मिसळते आणि त्याचा आरएनए आत उतरतो.

विषाणूची चाहूल लागताच पेशी ‘इंटरफेरॉन’ स्रवते. १९५७ साली आयझॅक्स व लिंडेनमान यांनी शोधलेले हे प्रथिन म्हणजे शेजारच्या पेशींना दिलेली सावधगिरीची हाक होय. करोना विषाणू ती हाकच दाबतो. आपल्या प्रती तो पडद्याआड तयार करतो. शिवाय त्याचे ‘एनएसपी-१’ हे प्रथिन पेशीची प्रथिननिर्मिती रोखते.

वार्धक्यात ही हाक मुळातच उशिरा आणि क्षीण उमटते. तोवर विषाणू फैलावतो. नंतर उसळलेला दाह फुप्फुसांनाच इजा करू शकतो. तापही प्रतिकारशक्तीच्या संदेशांमुळेच येतो. म्हणून वृद्धांना गंभीर संसर्गातही तो कधी कमी येतो, कधी येतच नाही.

यास्तव केवळ थर्मामीटरवर विसंबू नये. सर्दी-खोकल्याच्या दिवसांत ज्येष्ठांची भूक मंदावणे, अचानक असंबद्ध बोलणे, तोल जाणे, श्वास जलद होणे यांकडे लक्ष द्यावे. विश्रांतीत ऑक्सिजन ९४ टक्क्यांखाली दिसला, तर हात उबदार करून पुन्हा मोजावा; आकडा तसाच राहिल्यास त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी. धाप लागत असेल, तर आकड्याची वाट पाहू नये.

जुन्या चिठ्ठीवरून स्टेरॉइड सुरू करू नये. २०२० साली ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोनमुळे प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू घटले. प्राणवायू न लागणाऱ्यांना मात्र लाभ दिसला नाही. पूर्वीपासून चालू असलेले स्टेरॉइड आपल्या मनाने बंदही करू नये.

पुढच्या वेळी डॉक्टरांना दूरध्वनी कराल, तेव्हा तापाच्या आकड्याबरोबर एवढे अवश्य सांगा: ‘आई आज नेहमीसारखी नाही.’