कुत्र्याचं खाणं निवडताय? आधी पाकिटाची मागची बाजू वाचा

भद्रावतीत बरीच पाळीव कुत्री पोळी-दूध आणि वरण-भातावर वाढतात. पोट भरतं, पण तेवढ्याने पोषण पूर्ण होत नाही. मग काय द्यायचं?

पाकिटावर काय बघाल?
‘संपूर्ण आणि संतुलित आहार’ असं लिहिलेलं हवं. ‘पूरक आहार’ लिहिलं असेल, तर ते रोजचं जेवण नाही. वयही तपासा. अमेरिकेतल्या आफ्को मानकानुसार, पाण्याचा अंश वगळून पिल्लाच्या खाण्यात किमान २२.५ टक्के, तर मोठ्या कुत्र्याच्या खाण्यात १८ टक्के प्रथिनं लागतात.

घरचं चालेल का?
चालेल. पण नुसत्या चिकन-भातात कॅल्शियम कमी पडतं आणि पिल्लाची हाडं कमकुवत होतात. त्यामुळे काय, किती द्यायचं हे पशुवैद्यकाला विचारूनच ठरवा.

काय देऊ नये?
मटणाचा उरलेला रस्सा नकोच. कांदा-लसूण शिजवल्यावरही कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडंही टाळा.

खाणं बदलायचं असेल तर?
७ ते १० दिवसांत जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत जा, नाहीतर पोट बिघडतं.

आणि वाढायचं कुठे?
घरात. ताडोबाचं जंगल जवळ आहे. उघड्यावरच्या उष्ट्याला भटकी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले भागातल्या अभ्यासात बिबट्यांच्या आहारात सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला होता. म्हणून अंधार पडायच्या आत भांडंही आत घ्या आणि कुत्र्यालाही.