अर्ज न केलेली हुशार मुले

न्यूयॉर्क शहरातील स्टायव्हेसंट हायस्कूल ही सरकारी शाळा आहे. तिथे फी नाही, देणगी नाही, कोणाची चिठ्ठी चालत नाही. एका स्पर्धापरीक्षेतील गुणांवर प्रवेश मिळतो, आणि त्या परीक्षेखेरीज दुसरा निकष लावू नये असा राज्याचा कायदाच १९७१ पासून आहे. इतका निःपक्षपाती दरवाजा शोधून सापडणार नाही. तथापि २०१९ साली या शाळेने ज्या ८९५ मुलांना प्रवेश देऊ केला, त्यांत कृष्णवर्णीय मुले होती अवघी ७. २०२३ साली ७६२ मुलांत पुन्हा ७. त्या शहराच्या सरकारी शाळांतील सुमारे दोन-तृतीयांश मुले कृष्णवर्णीय वा लॅटिन अमेरिकी वंशाची आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते.

याहून मोठा विरोधाभास ‘मॅग्नेट’ शाळांचा. गोऱ्या व काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला. मुले एकत्र बसवण्याची सक्ती होऊ लागताच गोरी कुटुंबे उपनगरांकडे सरकू लागली. तेव्हा सक्तीऐवजी आकर्षणाचा मार्ग निघाला: विज्ञान, संगीत वा नाट्य यांचे खास शिक्षण देणाऱ्या शाळा काढायच्या, म्हणजे लोहचुंबकाकडे कीस यावा तशी सर्व वस्त्यांतील मुले आपण होऊन येतील. साठीच्या दशकाच्या अखेरीस आणि सत्तरीच्या दशकात अशा शाळा ठिकठिकाणी निघाल्या. हेतू मुले एकत्र आणण्याचा होता. घडले असे की अनेक ठिकाणी एकाच इमारतीत दोन शाळा नांदू लागल्या. खास वर्गात एका रंगाची मुले, साध्या वर्गात दुसऱ्या रंगाची. भेट झालीच तर जेवणाच्या सुट्टीत.

ही विभागणी नेमकी कुठे होते? आमच्याकडे बीजगणित सर्वांनाच शिकावे लागते, कोणाला आवडो वा न आवडो. अमेरिकेत ते आठवीत घ्यायचे की नववीत, हा प्रत्येक मुलाबाबत वेगळा निर्णय असतो. आठवीत बीजगणित, नववीत भूमिती, दहावीत पुन्हा वरचे बीजगणित, अकरावीत कलनपूर्व गणित, तेव्हा कुठे बारावीत कलन हाती लागते. एक पायरी चुकली की अभियांत्रिकीकडे जाणारी वाट अरुंद होते. म्हणजे अठराव्या वर्षी जे दार बंद दिसते, त्याची कडी बाराव्या वर्षीच घातलेली असते, आणि ती घातली गेल्याचे बहुतेक घरांना ठाऊकही नसते. शिवाय पायऱ्या चढून वर गेलेल्या मुलाला तिथे वर्ग असेलच असेही नाही. अमेरिकन शिक्षण खात्याच्या २०२०-२१ च्या पाहणीनुसार, कृष्णवर्णीय व लॅटिन विद्यार्थी बहुसंख्य असलेल्या हायस्कुलांपैकी सुमारे ३५ टक्क्यांतच कलन शिकवले जात होते. असे विद्यार्थी थोडे असलेल्या शाळांत हे प्रमाण ५४ टक्के होते.

या प्रश्नावर तिकडे जे रण माजले आहे, त्यात आपली माणसेही उतरली आहेत. न्यूयॉर्कच्या महापौरांनी २०१८ साली ती परीक्षाच रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा आशियाई पालक रस्त्यावर आले आणि प्रस्ताव बारगळला. व्हर्जिनियातील थॉमस जेफरसन विज्ञान विद्यालयाने २०२० साली परीक्षा आणि अर्जासोबतचे शंभर डॉलरांचे शुल्क काढून टाकले व प्रत्येक माध्यमिक शाळेतील वरच्या दीड टक्का मुलांना जागा राखल्या. पहिल्याच वर्षी गरीब घरांतील मुलांचे प्रमाण एक टक्क्याच्याही खालून पंचवीस टक्क्यांवर गेले, आणि आशियाई मुलांचे ७३ वरून ५४ वर आले. पालक न्यायालयात गेले; २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला. या पालकांत भारतीय वंशाचे अनेक होते. त्यांना स्वार्थी म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी चालवून वा दुकानात उभे राहून मुलाच्या शिकवणीचे पैसे भरणाऱ्या बापाला ‘तुझा मुलगा फार पुढे गेला’ असे कोणत्या तोंडाने सांगावे?

आमच्या मते भांडण चुकीच्या दारापाशी चालले आहे. परीक्षा ठेवा की मोडा, हा वाद प्रवेशाच्या दिवसाचा. खरी गळती त्याच्या कितीतरी आधी होते. फ्लोरिडातील ब्रॉवर्ड काउंटीत हे स्पष्ट दिसले. तिथे प्रज्ञावान मुलांच्या वर्गासाठी शिक्षक वा पालक मुलाचे नाव सुचवीत. मग चाचणी होई. २००५ साली त्या काउंटीने ठरवले की कोणी नाव सुचवण्याची वाट न पाहता दुसरीतील सर्वच मुलांची प्राथमिक चाचणी घ्यायची. पात्रतेची रेषा जिथल्या तिथे राहिली. तरीही निवडलेल्यांत कृष्णवर्णीय, लॅटिन आणि गरीब घरांतील मुलांची संख्या भराभर वाढली. डेव्हिड कार्ड व लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी हे सारे मोजून मांडले आहे. म्हणजे ही मुले आधीपासूनच तितकी हुशार होती. त्यांचे नाव घेणारे कोणी नव्हते. पुढे मंदी आली, खर्चाला कात्री लागली, सर्वांची चाचणी थांबली, आणि आकडे पुन्हा खाली घसरले. मुले तीच, बुद्धी तीच!

याच विचाराने नॉर्थ कॅरोलायनाने २०१८ साली कायदा केला, की राज्याच्या गणिताच्या परीक्षेत सर्वोच्च श्रेणी मिळवणाऱ्या मुलाला पुढच्या वर्षी प्रगत वर्गात घातलेच पाहिजे. टेक्सासने २०२३ साली पाचवीतील गणितात वरच्या ४० टक्क्यांत आलेल्यांसाठी तसाच नियम केला. पालकाला नको असेल तर त्याने तसे लिहून द्यावे. अर्जाचा भार उलटा फिरवला, एवढेच.

हे वाचताना आम्हांला वाळपई आणि काणकोण येथील नवोदय विद्यालये आठवल्याशिवाय राहिली नाहीत. ग्रामीण भागातील बुद्धिमान मुलांना शोधून काढण्यासाठी ही योजना आखली गेली. पाऊणशे टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, शिक्षण आणि वसतिगृह विनामूल्य. पण मूल सहावीत घ्यायचे तर अर्ज पाचवीत असतानाच भरावा लागतो, तोही संगणकावरून, मुख्याध्यापकांच्या दाखल्यासह. आमच्या बहुतेक सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच्या. चार वर्षे ज्या बाईंनी मूल पाहिले त्या मागे राहतात, आणि नव्या शाळेतील शिक्षकांना त्याची पुरती ओळख होण्याआधीच अर्जाची मुदत जवळ येते. वर्तमानपत्र वाचणाऱ्या घरातील मुलाचा अर्ज वेळेवर जातो. सत्तरीतल्या वा सांग्यातल्या धनगरवाड्यावरील मुलीचा अर्ज कोण भरणार?

शिक्षण खात्याजवळ पाचवीतील प्रत्येक मुलाचे नाव आहे, जन्मतारीख आहे, शाळा आहे. ग्रामीण भागातील सर्वच मुलांचे अर्ज शाळेनेच भरावेत आणि ज्या पालकांना नको असेल त्यांनी तसे कळवावे, एवढे एक परिपत्रक काढायला कोणत्याही समितीची गरज नाही. येत्या मुदतीपूर्वी ते निघू शकते.